जॅम पुन्हा पुन्हा पातळच राहतो? परत आचेवर ठेवण्याआधी वजन करून बघा

पातेल्यात असताना छान दाट दिसणारा जॅम दुसऱ्या दिवशी बरणी कलती केली की सरबतासारखा वाहतो. तोच परत आटवला तर असा चिवट होतो की ब्रेडवर पसरायला गेलं की ब्रेडच फाटतो. मधली अवस्था, म्हणजे जिला आपण जॅम म्हणतो ती, काही केल्या हाती लागत नाही. हे एकदा झालं तर हात चुकला म्हणता येईल. पण तीच कृती, तीच मापं, तेच पातेलं, आणि तरीही कधी जमतो, कधी जमत नाही, असं होत असेल तर गडबड कृतीबाहेर कुठेतरी आहे.

माझ्याकडे हे स्ट्रॉबेरीच्या जॅमचं झालं. पहिला घाणा पातळ राहिला, परत उकळला, त्याची टॉफी झाली. दुसऱ्यात लिंबाचा रस घातला आणि जॅम सुरेख आळला. रहस्य सापडलं म्हणून खूश होऊन तिसऱ्या वेळी सगळं दुप्पट घेतलं, लिंबासकट, आणि तो पुन्हा पातळ. त्यानंतर कुठे लक्षात आलं की ‘पातळ’ हे एकच लक्षण आहे, पण त्यामागे निदान तीन वेगवेगळी दुखणी असू शकतात आणि तिघांवर औषध वेगळं आहे. आपण मात्र तिन्हींवर एकच इलाज करतो: अजून जरा उकळू या.

आधी थांबा, खरंच

जॅम गरम असताना पातळच असतो. आळायला तो पूर्ण गार व्हावा लागतो, आणि काही फळांच्या जॅमला २४ ते ४८ तास लागतात. बरण्या भरल्यावर दर तासाला कलत्या करून बघण्याचा मोह मलाही होतो, पण आत रस धरून ठेवणारी जाळी विणली जात असताना ती हलवली तर तुटते आणि जॅम कायमचा सैल राहू शकतो. दोन दिवस बरण्यांना हात लावू नका. त्यानंतरही वाहत असेल तरच पुढचं वाचा.

जॅम आळतो कशाने

फळाच्या पेशींच्या भिंतींमध्ये पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि घट्ट होणं, थिजणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. पेक्टिन म्हणजे लांबच लांब साखळ्या. फळ शिजलं की त्या सुटून रसात येतात. एकमेकींना धरून त्यांनी जाळी विणली आणि त्या जाळीत रस अडकला की झाला जॅम.

पण या साखळ्या सहजासहजी एकत्र येत नाहीत. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात. शिवाय प्रत्येक साखळी पाण्याला धरून बसलेली असते. आंबटपणा पहिली अडचण सोडवतो: आम्लामुळे तो भार कमी होतो. साखर दुसरी सोडवते: ती पाणी स्वतःकडे ओढून घेते. म्हणून पेक्टिन, आम्ल आणि साखर हे तिघंही पुरेसे असावे लागतात. तिघांतला एक कमी पडला तर बाकीचे दोघं कितीही असले तरी उपयोग नाही.

आकड्यांत सांगायचं तर सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३ च्या आसपास लागतो. तो साडेतीनच्या वर गेला की जाळी धरणं अवघड होतं. साखर तयार जॅमच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के लागते, त्यात फळाची स्वतःची साखरही आली. जॅमसाठीच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकातही विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण ६० ते ६५ टक्के किंवा त्याहून जास्त असावं, असंच सांगितलेलं आहे.

इथे एक सवय मोडावी लागते. पाक करणारे हात जॅमही दोन बोटांत धरून तार बघतात. तार साखर किती दाट झाली एवढंच सांगते. पेक्टिनचा एक कणही नसलेल्या साखरेच्या पाण्याला सुरेख तार येते, पण ते काही आळत नाही. माझा पहिला घाणा मी असाच तारेच्या भरवशावर उतरवला होता.

वजन काट्यावरची तपासणी

ही माझ्या लेखी सगळ्यात कामाची गोष्ट, आणि साध्या घरगुती कृतींमध्ये ती क्वचितच दिलेली असते. रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच करून कागदावर लिहून ठेवा. मग हा हिशेब करा.

समजा १ किलो फळ आणि ७५० ग्रॅम साखर घेतली. बहुतेक रसदार फळांमध्ये साधारण दहा टक्के घन भाग असतो, म्हणजे १ किलोत १०० ग्रॅम. तो आणि साखर मिळून ८५० ग्रॅम. हे ८५० ग्रॅम तयार जॅमच्या ६५ टक्के व्हायला हवेत, म्हणून ८५० ला ०.६५ ने भागायचं. उत्तर येतं साधारण १३०० ग्रॅम. सुरुवातीला पातेल्यात १७५० ग्रॅम होतं. म्हणजे जवळपास साडेचारशे ग्रॅम पाणी उडून जायला हवं. फळ आणि साखर दोन्ही १ किलो घेतली तर हाच हिशेब १७०० ग्रॅमच्या आसपास येतो. फळ शिजवताना वरून पाणी घातलं असेल तरी शेवटचं लक्ष्य बदलत नाही, फक्त उडवायचं पाणी वाढतं.

आता फसलेला जॅम बरण्यांतून परत पातेल्यात काढा आणि वजन करा. (चाखण्यात आणि बरणीला चिकटून गेलेला थोडा अंदाजाने धरा. इथे वीस-तीस ग्रॅमने काही बिघडत नाही.)

वजन लक्ष्यापेक्षा बरंच जास्त आलं, तर दुखणं साधं आहे: पाणी शिल्लक आहे, उकळा. हा एकच प्रकार असा आहे जिथे ‘अजून जरा उकळू या’ हे उत्तर बरोबर असतं.

वजन लक्ष्याच्या आसपास आहे आणि तरी जॅम वाहतोय, तर पाण्याचा प्रश्न उरला नाही. आम्ल किंवा पेक्टिन कमी आहे. आता नुसतं उकळलंत तर साखरेची टॉफी होईल, जॅम होणार नाही.

वजन लक्ष्याच्याही खाली गेलंय, रंग तपकिरीकडे झुकलाय, जळकट साखरेचा वास येतोय आणि चमच्याला चिकट तार सुटतेय, तर तो जास्त शिजला आहे. फार वेळ आम्लात उकळत राहिलं की पेक्टिनच्या साखळ्या तुटून आखूड होतात आणि आखूड साखळ्यांची जाळी विणली जात नाही.

वजन बरोबर, तरी पातळ

आधी आंबटपणा बघा, कारण तो तपासायला सोपा आणि सुधारायला स्वस्त. गार जॅम चमचाभर खा. नुसता गोड, सपाट लागतोय का? फळाची चव पुढे येत नाहीये का? मग आम्ल कमी आहे. पिकलेली अंजिरं, नासपती, गोड पीच, पूर्ण पिकलेल्या स्ट्रॉबेरी यांत हे हमखास होतं. एक लिटरभर जॅमला ३० मिली, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं खळखळून उकळा आणि गार बशीवर थेंब टाकून तपासा (कसं ते पुढे ‘उतरवायचा कधी’मध्ये आहे). पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. मात्र हात सैल सोडून लिंबू पिळू नका. आम्ल जास्त झालं तर जाळी इतकी आवळते की काही दिवसांनी जॅममधून पाणी सुटायला लागतं.

आंबटपणा ठीक असेल तर संशय पेक्टिनवर. आंबट सफरचंद, पेरू, क्विन्स (नासपतीसारखं टणक, आंबट फळ), क्रॅनबेरी, काळे करंट (ब्लॅककरंट) आणि लिंबू-संत्र्याच्या सालीखालचा पांढरा भाग यांत पेक्टिन भरपूर असतं. स्ट्रॉबेरी, चेरी, पीच, नासपती, अननस यांत कमी. अननसाबद्दल एक गैरसमज आहे की त्यातल्या एन्झाइममुळे जॅम आळत नाही. ते एन्झाइम प्रथिनं तोडतं, म्हणून जिलेटिनची जेली अननसाने बिघडते. पेक्टिन हे प्रथिन नाही, त्याला त्याने काही होत नाही. अननसात मुळात पेक्टिनच कमी, एवढंच.

फळ कोणतं यापेक्षाही ते किती पिकलंय यावर जास्त अवलंबून असतं, आणि माझ्या मते ‘कधी जमतो, कधी नाही’ याचं सगळ्यात मोठं कारण हेच. फळ पिकताना मऊ होतं म्हणजे नेमकं काय होतं? पेशींना एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन फळातलीच एन्झाइम्स तोडत असतात. बोटाने दाबलं की खड्डा पडतो असं फळ खायला उत्तम, पण त्याचं पेक्टिन निम्मंअर्धं वाया गेलेलं असतं. आणि आपण जॅम करायला नेमकं कोणतं फळ काढतो? जे आता टिकणार नाही ते. माझ्या तिसऱ्या घाण्यात तसंच होतं, अगदी लिबलिबीत होत आलेल्या स्ट्रॉबेरी होत्या. पाऊण हिस्सा पिकलेलं आणि पाव हिस्सा किंचित कच्चं फळ घेतलं की चवही राहते आणि आळतोही.

शंका असेल तर साखर घालण्याआधीच तपासता येतं. शिजलेल्या फळाचा गाळलेला रस एक छोटा चमचा घ्या, पूर्ण गार करा आणि काचेच्या छोट्या भांड्यात एक मोठा चमचा स्पिरिट (जखम पुसायला वापरतात ते) घालून हलकेच फिरवा. मिनिटभर थांबा. काट्याने उचलता येईल असा एकसंध गोळा झाला तर पेक्टिन भरपूर. दोन-तीन सैल गुठळ्या म्हणजे मध्यम. नुसती बारीक कणी तरंगली तर कमी. हे मिश्रण विषारी असतं. चाखायचं नाही, लगेच फेकून भांडं धुवायचं, आणि मुलं आसपास असतील तर हा प्रयोग नकोच.

पेक्टिन कमी निघालं तर मी विकतच्या पुडीआधी सफरचंदाकडे जातो. १ किलो जॅमला दोन आंबट सफरचंदं साल, बिया, गाभा यांसकट चिरून, बुडेल एवढ्या पाण्यात अर्धा तास शिजवा, कापडातून गाळा आणि तो बुळबुळीत रस जॅममध्ये घाला. रसाबरोबर पाणीही येतं, म्हणून रसाच्या वजनाच्या पाऊणपट साखर घालायची, चमचाभर लिंबू पिळायचं आणि मोठ्या आचेवर उकळायचं. सफरचंदाची चव जवळजवळ लागत नाही. पुढच्या वेळी तर सफरचंद किसून सुरुवातीपासूनच फळाबरोबर शिजवा. लिंबाच्या बिया आणि पांढरी साल मलमलच्या पुरचुंडीत बांधून पातेल्यात सोडणं हाही जुना आणि चांगला उपाय आहे.

पेक्टिनची पूड वापरायचीच तर ती आधी चार-पाचपट साखरेत कोरडी मिसळून घ्या, नाहीतर गाठी होतात आणि त्या कशानेच मोडत नाहीत. पुडीवरचा क्रम पाळा. साखर कमी घालायची असेल तर साधी पेक्टिन पूड चालत नाही, कमी साखरेसाठीची वेगळी मिळते. ती साखरेऐवजी कॅल्शियमच्या आधाराने जाळी धरते. साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या घालून नेहमीच्या कृतीने जॅम करायला गेलात तर तो आळणार नाहीच, कारण साखर तिथे फक्त गोडीसाठी नव्हती.

दुप्पट घाण्याचा सापळा

पातेलं तेच, फळ दुप्पट. वाफ निघायला वरचा पृष्ठभाग तेवढाच, पण उडवायचं पाणी दुप्पट. म्हणजे वेळही दुप्पट. वीस मिनिटांत होणारा जॅम पाऊण तास रटरटत राहतो, आणि तेवढ्या वेळात एका बाजूने पाणी उडतं तर दुसऱ्या बाजूने पेक्टिन तुटत जातं. माझा तिसरा घाणा असाच होता: २ किलो फळ, दीड किलो साखर, लक्ष्य २६०० ग्रॅम. वजन नंतर बरोबर भरलं, जॅम मात्र पातळ. अतिपिकलेलं फळ आणि लांबलेलं उकळणं यांनी मिळून तो घालवला. तेव्हापासून १ किलो फळाच्या वर जात नाही. दोनदा करतो. पातेलं पसरट आणि स्टीलचं घेतो, कारण साध्या ॲल्युमिनियमला आम्ल लागतं. आणि निम्म्याहून जास्त भरत नाही, कारण साखर उकळताना फेस चढतो.

क्रमही महत्त्वाचा. टणक किंवा सालीचं फळ आधी थोड्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवायचं, मगच साखर. साखर आधी पडली की साल कडक राहते आणि पेक्टिन बाहेर पडत नाही. (स्ट्रॉबेरी याला अपवाद. ती आदल्या रात्री साखरेत मुरवली तर तुकडे अख्खे राहतात.) साखर मंद आचेवर शेवटच्या कणापर्यंत विरघळवायची, आणि त्यानंतर आच मोठी करून भराभर उकळायचं. साखर पडल्यावर मंद आचेवर तासभर ठेवणं ही मायेची वाटणारी पद्धत जॅमच्या मुळावर येते.

उतरवायचा कधी

थर्मामीटर असेल तर समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंश सेल्सिअस. पण हा आकडा पाठ करून ठेवू नका, फरक पाठ करा: पाणी जिथे उकळतं त्याच्या साधारण साडेचार अंश वर. उंचावर पाणी लवकर उकळतं, दर ३०० मीटरला सुमारे एक अंश कमी. १५०० मीटरवर राहणाऱ्याने १०५ ची वाट पाहिली तर हाती टॉफीच येईल, कारण तिथे जॅम १०० च्या आतबाहेरच होतो. आपला थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून आकडा बघितला की उंचीचा आणि थर्मामीटरच्या चुकीचा, दोन्हींचा हिशेब एकदम मिटतो.

थर्मामीटर नसेल तर बशी. दोन-तीन बशा आधीच फ्रीझरमध्ये ठेवा. जॅमचा थेंब गार बशीवर टाका, मिनिटभर थांबा, बोटाने ढकला. वरच्या सायीला सुरकुत्या पडल्या आणि बोटाने काढलेली वाट परत भरून आली नाही, तर झाला. एक गोष्ट हटकून विसरली जाते: बशी बघत असताना खालची आच बंद हवी. आपण सुरकुत्या शोधत बसतो आणि पातेल्यात जॅम पुढे निघून गेलेला असतो.

इतर तक्रारी, थोडक्यात

फळ वर तरंगतं आणि खाली नुसती जेली राहते: जॅम फार गरम असताना भरला. उतरवल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, हलकेच ढवळा, मग भरा.

काही आठवड्यांनी साखर खडे धरते: साखर विरघळण्याआधी उकळी आली, साखर फार जास्त झाली, किंवा आम्ल कमी पडलं. उकळताना आम्ल साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तोडतं आणि त्या मिश्रणाचे खडे सहज होत नाहीत. म्हणजे लिंबू इथेही कामाला येतं.

वरचा फेस: निरुपद्रवी आहे, फक्त दिसायला वाईट. शेवटी एकदाच काढा किंवा बोराएवढं लोणी टाका.

बुडबुडे येतात, आंबूस वास येतो: जॅम आंबला. साखर कमी पडली किंवा पाणी जास्त राहिलं. टाकून द्या.

बुरशी: इथे काटकसर नको. वरचा थर काढून खालचा खायचा, असं बरेच जण करतात. पण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल जातात आणि काही बुरशी विषारी द्रव्यं सोडतात. पूर्ण बरणी टाका. हे टाळायचं तर बरण्या दहा मिनिटं पाण्यात उकळा, ओल पूर्ण जाऊ द्या, त्या गरम असतानाच गरम जॅम काठोकाठ भरा आणि लगेच झाकण लावा. गार बरणीत उकळता जॅम ओतला तर काच तडकते. कमी साखरेचा जॅम फ्रीजमध्येच ठेवायचा आणि तीन-चार आठवड्यांत संपवायचा.

जो सुधारत नाही तो

फसलेला सगळा जॅम एकदम दुरुस्त करायला घेऊ नका. एक वाटी घ्या, तेवढ्यावर लिंबू किंवा सफरचंदाचा उपाय करून बशीवर बघा. जमला तर बाकीचा करा. एकच जॅम दोनदा उकळला आणि तरी आळला नाही तर तिसऱ्यांदा आचेवर ठेवू नका, कारण आता उरलंसुरलं पेक्टिनही गेलेलं असतं आणि रंग-वासही उतरलेला असतो. त्याला फळाचं सिरप म्हणा, दह्यावर किंवा आइस्क्रीमवर घाला. मी तर त्या बरणीवर सरळ ‘स्ट्रॉबेरी सिरप’ अशी चिठ्ठी लावली होती आणि खाणाऱ्यांनी कृती विचारली.

टॉफी झालेल्या जॅमचं मात्र लागेल तेवढंच सोडवावं. दोन चमचे जॅम, अर्धा चमचा उकळतं पाणी, घोटायचं आणि लगेच वापरायचं. पूर्ण बरणीत पाणी घालू नका. साखरेचं प्रमाण उतरलं की तीच बरणी आठवड्याभरात बुरशी धरते.